तिसऱ्या दिवसाचे दुखणे

(दुधनी येथे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्तनपान सप्ताहानिमित्त भरलेल्या माता मेळाव्यात आमच्या समाजसेविका भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल संध्याकाळी खुर्च्या मांडताना एका वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, "बाई, एवढ्या लोकांत हा विषय कशाला? बायकांत बोलून घ्या की." मी म्हटले, "वडील, पवित्र शास्त्रात आईच्या स्तनांचा आणि दूधपित्या बाळाचा उल्लेख कितीतरी ठिकाणी आहे. उपासनेत तो वाचताना आपण कुणाला बाहेर जायला सांगत नाही." ते हसले. आज ते पुढच्याच रांगेत बसले आहेत. त्यांचे आभार.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. धर्मशास्त्राचा डिप्लोमा करून वस्त्यांवर काम करू लागलेली बाई आहे. म्हणून आज जे सांगणार ते नर्सताईंकडून आणि डॉक्टरांकडून शिकलेले, आणि बरेचसे बाळंतिणींच्या उशाशी बसून पाहिलेले आहे. ज्या गावाच्या नावातच दूध आहे त्या गावात हा विषय निघावा, हे मला बरे वाटते. इथे एकाच अंगणात तीन भाषा चालतात. मराठीत बाळंतीण, कन्नडमध्ये बाणंती, आणि तांड्यावर आईला याडी म्हणतात. दुखते मात्र तिघींचे एकाच दिवशी. तिसऱ्या किंवा चौथ्या.

बाळ जन्मले, वार पडली, की अंगात बदल सुरू होतात आणि दोन ते पाच दिवसांत दूध भरून येते. नुसते दूध येत नाही. त्या भागाकडे रक्त वाढते, सूज येते. स्तन ताणतात, तापतात, दगडासारखे होतात. कातडी चमकू लागते. हात काखेत मिटत नाही. आपल्याकडे याला दूध दाटणे म्हणतात. ताणामुळे बोंड सपाट होते, आणि मग बाळाच्या तोंडात नीट येत नाही. बाळ रडते, आई रडते, सासू म्हणते, "हिला दूधच नाही," आणि शेळीचे दूध आणायला कुणाला तरी पाठवते. दूध तर इतके आहे की बाई कण्हते आहे!

यात आपल्या रीतीचाही दोष आहे, आणि तो मी स्पष्ट बोलते. पहिले पिवळे घट्ट दूध खराब म्हणून पिळून टाकायचे, तीन दिवस बाळाला साखरपाणी किंवा वरचे दूध द्यायचे, आणि तिसऱ्या दिवशी अंगावर घ्यायचे, असे अजून काही घरांत चालते. म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारी वाटतो. माणसाच्या बाळाचा चीक मात्र फेकतो. जे बाळ पहिल्या तासापासून अंगावर पिते, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते, त्याच्या आईचे दूध सहसा इतके दाटत नाही. तीन दिवस न पाजता ठेवले तर दाटणारच. तेव्हा पहिला उपाय हा की पहिल्या तासात बाळ छातीशी लावा आणि नंतर ते मागेल तेव्हा पाजा. याला पैसा लागत नाही, पाला लागत नाही.

आता पाल्याकडे येते. तुम्ही सगळे त्याचीच वाट पाहताय हे मला माहीत आहे.

झाडपाल्याच्या उपायाला मी हसत नाही. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता, तेव्हा यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला सांगितली. देवाने प्रार्थना ऐकली होती, तरी अंजीर बांधायला लावलेच. त्यामुळे वस्तीवरची म्हातारी एखादे पान घेऊन आली की मी आधी तिचे ऐकते. नंतर तीन प्रश्न विचारते. याने कातडी भाजेल का? हे बाळाच्या तोंडात गेले तर काय? आणि याच्या नादात बाळाला पाजणे थांबेल का?

एरंडाचे पान तव्यावर कोमट करून बांधतात. कोमट असेल, पाजण्याआधी काढून छाती स्वच्छ पाण्याने पुसली, तर त्याने मला तरी वाईट झालेले दिसले नाही. खरा आराम उबेचा असतो असे माझे मत आहे. तेवढेच काम कोमट पाण्यात पिळलेले फडके करते. हळदीच्या लेपाचेही तसेच. लावलात तर पाजण्याआधी धुवा, आणि चिरा पडलेल्या बोंडावर लावू नका. मध मात्र बोंडाला बिलकूल लावायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मध गेला तर त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारा आजार होतो. बाळाला मध चाटवण्याची रीतही त्याच कारणाने सोडायला हवी. आणि बिब्बा? बिब्ब्याचे नाव काढू नका. ऊतून फोड आलेली छाती मी पाहिली आहे. त्या बाईला पुढे कित्येक दिवस त्या बाजूला पाजता आले नाही.

कोबीच्या पानाबद्दल शहरातल्या भगिनी नेहमी विचारतात. थंड केलेले कोबीचे पान स्तनावर ठेवायचे. दिल्लीच्या एम्समधल्या नर्सिंगच्या लोकांनी यावर अभ्यास केला, २००८ साली तो छापून आला. एका गटाला थंड कोबीची पाने, दुसऱ्या गटाला गरम आणि थंड फडक्यांचा शेक. दाटणे दोन्हींनी कमी झाले, पण दुखणे शेकाने जास्त कमी झाले. मला हे वाचून आनंद झाला, कारण आमच्या तांड्यावर फ्रीज नाही आणि कोबी विकत आणावा लागतो. फडके आणि माठाचे पाणी घरोघर आहे.

तर ते कसे करायचे ते नीट सांगते. पाजायच्या आधी कोमट पाण्यात बुडवून पिळलेले फडके चारपाच मिनिटे ठेवा. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतके. बाजेखालच्या शेगडीतली वीट फडक्यात गुंडाळून लावू नका. शेक जास्त झाला तर सूज वाढते. मग बोंडाभोवतीच्या काळ्या भागावर बोटांची टोके ठेवून छातीच्या दिशेने हलके दाबून धरा, एक मिनिटभर. सूज तेवढ्यापुरती मागे सरते, बोंड मऊ होते, बाळाला तोंडात धरता येते. तरीही धरता आले नाही, तर हाताने थोडे दूध काढा आणि पुन्हा लावा. पाजून झाले की माठाच्या पाण्यात भिजवलेले गार फडके दहापंधरा मिनिटे ठेवा. बाळंतिणीला गार लावायचे म्हटले की सासवा अंगावर येतात. "ताई, वात होईल!" मी म्हणते, अंगाला नका लावू, डोक्याला लावू नका, दुखते तिथेच तेवढे लावा. इतक्यावर बहुतेक वेळा तडजोड होते.

एक गोष्ट मीसुद्धा चुकीची सांगत होते, ती आज कबूल करते. गाठ लागली की तेल लावून जोरात चोळा, गाठ फुटेपर्यंत चोळा, असे मी कित्येक बायकांना सांगितले. आम्हाला तसेच शिकवले होते. आता डॉक्टर सांगतात की जोरात रगडल्याने आतली सूज आणि जखम वाढते. २०२२ साली स्तनपानाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने यावर नवी सूचनाच काढली. हात फिरवायचा तर इतका हलका, की झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून फिरवतो तसा. आणि पाजल्यावरही राहिलेले सगळे दूध पिळून काढायचे नाही. जितके जास्त काढाल तितके शरीर जास्त बनवते. ताण उतरेल एवढेच काढा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी हे दूध वाढावे म्हणून देतात. चांगले आहे, पण छाती आधीच दगड झालेल्या बाईला त्याच दिवशी कशाला? चार दिवसांनी द्या. पाणी मात्र तहान लागेल तेवढे द्या. ते तोडू नका.

बोंडाला चिरा पडल्या असतील तर बहुतेक वेळा बाळ नुसते टोक चोखत असते. तोंड मोठे उघडून काळा भागही बऱ्यापैकी आत गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब बोंडावर पसरवून वाळू द्या. साबण लावू नका. तांड्यावरच्या वडीलधाऱ्या बायका घट्ट कांचळी घालतात, मुली आता ब्लाऊज घालतात. जे घालाल ते या दिवसांत सैल असू द्या.

आता मला तो प्रसंग सांगायचा आहे, ज्यामुळे मी हे सगळे शिकायला लागले. तेव्हा मी या कामात नवी होते. एका तांड्यावर एका मुलीचे बाळ पोटातच गेले होते. पहिलेच बाळ. चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. माझ्याकडे शास्त्र होते, प्रार्थना होती, आणि मला वाटत होते की दुःखी माणसाजवळ कसे बसावे हे मला शिकवलेले आहे. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी प्रार्थना केली. ती काही बोलली नाही. उठताना तिची सासू माझ्या मागोमाग अंगणात आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, तिची छाती भरून आलीय. लुगडे भिजतेय. पाजायला कोण नाही. काय करू?"

मला उत्तर येत नव्हते. सबंध वेळ मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते आणि ते भिजलेले लुगडे मला दिसले नव्हते. बाळ गेले हे शरीराला कळत नाही. दूध येतेच. आणि दर वेळी ते आले की त्या बाईला पुन्हा एकदा कळते.

मी परत आल्यावर आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मिशन नर्सबाईंकडे गेले. त्यांनी आधी मला रागावले. मग म्हणाल्या, मोगरा बांध. ताजी फुले ओवून स्तनांवर ठेवायची, रोज बदलायची. दूध ओसरते. मला ती आजीबाईची गोष्ट वाटली. पण ती तशी नाही, हे मला नंतर समजले. दक्षिणेतल्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, आणि वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातल्या लोकांनी ते तपासून पाहिले. १९८८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही बायकांना मोगरा, काही बायकांना दूध थांबवण्याची ब्रोमोक्रिप्टीन ही गोळी. रक्तातला दूध आणणारा घटक दोन्हींनी उतरला, गोळीने जास्त उतरला. पण छाती दाटणे, दूध येणे आणि वेदनेच्या गोळ्या किती घ्याव्या लागल्या, यांत मोगरा गोळीच्या बरोबरीचा ठरला. जिथे गोळी परवडत नाही किंवा मिळत नाही तिथे फुले वापरता येतील, असे त्यांनी लिहिले.

त्या मुलीला मोगरा बांधला. सोबत गार फडके, आणि फारच ताण आला तर तेवढ्यापुरते थोडे दूध काढणे. करकचून पट्टा बांधायला सासू निघाली होती, तो मात्र नर्सबाईंनी सोडायला लावला. घट्ट आवळल्याने गाठी धरतात. हळूहळू उतार पडला. काढलेले दूध पायदळी जाऊ नये म्हणून तिची सासू ते लिंबाच्या बुडाशी ओतायची. मी ते पाहिले आणि काही बोलले नाही. बोलण्यासारखे त्यात काही नव्हते.

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. तिथे ज्या आईकडे जास्त दूध आहे ती ते दुसऱ्याच्या अशक्त बाळासाठी देऊ शकते. बाळ गेलेल्या आयांपैकीही काहींना असे देणे हवेसे वाटते. आपल्या तांड्यावरून मुंबईला दूध पोहोचणार नाही, पण अशी सोय जगात आहे हे त्या मुलीला त्या वेळी कुणी सांगायला हवे होते असे मला वाटते.

पण मोगऱ्याची गोष्ट सांगितली की तिचे पायही फुटतात. दोन वर्षांनी एका वस्तीवर मी गेले तर तीन आठवड्यांच्या बाळाची आई गजरा छातीशी बांधून बसलेली. छाती दुखते म्हणून कुणीतरी सांगितले होते, "ताईंचा उपाय आहे." बाळ सुकले होते. मी गजरा काढला, बाळ दर दोन तासांनी लावायला बसवले, आणि वजनासाठी आशाताईंना रोज बोलावले. दूध परत आले, देवाची दया. म्हणून आज हात जोडून सांगते: जिला पाजायचे आहे तिने मोगरा बांधू नये. जिचे बाळ राहिले नाही, किंवा जिला डॉक्टरांनी पाजू नका म्हटले आहे, तिच्यासाठीच तो आहे.

आता ताप. दुखणे एकाच बाजूला, एका जागी लाल चट्टा, हात लावला तर चटका, आणि थंडी वाजून शंभराच्या वर ताप आला तर ते साधे दाटणे राहिले नाही. आपल्याकडे म्हणतात गारठा लागला, नजर लागली. शंभर पॉइंट चार किंवा त्यावर ताप असेल, किंवा एका दिवसात उतार पडला नाही, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, नाहीतर अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात जा. प्रतिजैविक लागू शकते, आणि पाजत असताना चालणारी औषधे आहेत, पॅरासिटामॉलही चालते. पाजणे थांबवायचे नाही. ते दूध बाळाला बाधत नाही, उलट दूध साठून राहिले तर आत पू होतो. पू झाला तर ब्लेडने चीर देणाऱ्याकडे नेऊ नका. इथून कुणी सोलापूरला जाते, कुणी कलबुर्गीला. जिकडे लवकर पोहोचाल तिकडे जा, आणि गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. आणखी एक. पाजणे थांबून महिने झाले तरी गाठ तशीच आहे, तर ती दुधाची गाठ म्हणून सोडून देऊ नका, दाखवा.

इथे बसलेल्या निम्म्या बायका दिवाळीनंतर उसाला जातील. त्यांना मी फडक्याचा शेक सांगते तेव्हा त्या माझ्याकडे बघतात. खरे आहे. पहाटे कोयता घेऊन फडात गेलेली बाई, बाळ कोपीत मोठ्या बहिणीच्या मांडीवर, आणि खाडा केला तर पैसे कापले जाणार. दुपारपर्यंत छाती फुटायला येते. तिला माझा सल्ला एवढाच की सकाळी निघायच्या आधी पाजा, फडात मध्ये एकदा तरी आडोशाला बसून स्वच्छ हातांनी थोडे दूध काढा, आणि शक्य असेल तर बाळ फडाच्या कडेला आणवून पाजा. काढलेले दूध झाकलेल्या स्वच्छ भांड्यात सावलीत चार तासांपर्यंत टिकते म्हणतात, पण आपल्या उन्हात मी तेवढा भरवसा ठेवणार नाही. वाटी-चमच्याने पाजा, बाटली नको. आणि नवऱ्यांनो, ती आडोशाला बसली असताना मुकादमाशी बोलायचे काम तुमचे आहे. तेवढी दहा मिनिटे तिच्या वाटणीची मोळी तुम्ही बांधा.

सोलापूरच्या मित्रांनी मघाशी विचारले की आम्ही काय पाठवावे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. दोघेही वेल्लोरलाच शिकलेले. त्यांनी गावातल्याच, अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले, आणि त्या बायकांनी पुढे गावे सांभाळली. आम्हालाही तसेच करायचे आहे. प्रत्येक तांड्यावर एक बाई अशी हवी जी बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी त्या घरी जाईल, बाळ कसे धरले आहे ते पाहील, आणि लुगडे भिजले आहे का तेही पाहील. तिला लागेल एक थर्मामीटर, झाकणाची स्टीलची वाटी, दोन सुती फडकी, आणि महिन्यातून एकदा अक्कलकोटला शिकायला जायचे एसटीचे भाडे. दुधाच्या पावडरीचे डबे कृपया पाठवू नका. मागच्या वेळी आले होते, प्रेमाने आले होते, पण ते डबे वाटले की बाळे अंगावरून सुटतात.

आता चहा आहे. चहानंतर नर्सताई हाताने दूध कसे काढायचे ते कापडी स्तनावर करून दाखवणार आहेत. पुरुषांनी थांबायला हरकत नाही. पुढच्या रांगेतल्या वडिलांनी तर थांबावेच, त्यांची सून सातव्या महिन्यात आहे.